सातवा टक

किर्तीने टेबलावर ठेवलेला स्वेटर राजरत्नला आधी ओळखूच आला नाही. लोकर आटून पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती, बाह्या आत ओढल्या गेल्या होत्या आणि गळा एवढासा उरला होता की त्यातून लहान मुलाची मूठसुद्धा गेली नसती. पिवळ्या रंगावरची हिरवी पानं दिसली तेव्हा कुठे त्याने तो ओळखला. हा स्वेटर संध्याने नातवासाठी विणला होता. तिची नजर जायच्या आधीचं ते शेवटचं विणकाम.

"उकळत्या पाण्यात गेलाय," किर्ती म्हणाली. चार दिवसांसाठी ती अंबरनाथहून माहेरी आली होती. कपाटात जपून ठेवलेल्या स्वेटरला जरा हवा लागावी म्हणून तिने तो बरोबर आणला होता, आणि तो चुकून धुवायच्या कपड्यांत गेला होता. "पप्पा, मागच्या महिन्यात तुमचे दोन शर्ट गेले. त्याआधी चादरीचा रंग सगळ्या कपड्यांना लागला. आता मम्मीने मशीन लावायचं राहू दे. खाली वृंदाताईंकडे बाई येते, ती धुऊन देईल."

संध्या पलंगाच्या कडेला बसली होती. "सातच टक मोजले मी," ती हळू आवाजात म्हणाली. "सात म्हणजे लोकर. मोजूनच लावलं, किर्ती."

"हो गं. पण झालं ना शेवटी व्हायचं ते."

संध्याने मांडीवरचे हात पदराखाली घेतले.

राजरत्नचं उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये रिपेअरिंगचं दुकान होतं. मिक्सर, ओव्हन, वॉशिंग मशीन, जे येईल ते तो उघडायचा. राहायला मात्र तो बदलापूरला, कुळगावात. संध्या अंबरनाथच्या एका बालवाडीत शिकवायची. साखरेने तिचे डोळे नेले ते एकदम नाही. आधी फळ्यावरची अक्षरं गेली, मग मुलांचे चेहरे, आणि मग खिडकीतला उजेडही गेला. नोकरी सुटली. पुढे एकदा तव्यावर बोटं भाजली आणि चांगला फोड येईपर्यंत तिने कुणाला सांगितलंच नाही, तेव्हा किर्तीने हट्टाने स्वयंपाकाला बाई लावली. संध्याच्या हातात राहिलं काय, तर कपडे.

ते तिला राजरत्ननेच शिकवलं होतं. ड्राय बाल्कनीतल्या मशीनला मधोमध एक मोठा नॉब होता. मशीन चालू केलं की ते नेहमी शून्यावर उभं राहायचं, आणि नॉब फिरवला की दर प्रोग्रॅमला बोटांना एक टक लागायचा. दोन टक रोजचे कपडे, चार टक चादरी, सात टक लोकर. त्या टकाचा आवाज नावालाच होता, तो कळायचा हातालाच. राजरत्नने तिच्या हातावर हात ठेवून सगळे टक मोजून घेतले होते. पहिल्यांदा तिने एकटीने मशीन लावलं, त्या दिवशी ते थांबेपर्यंत ती बाल्कनीत स्टुलावर बसून राहिली होती, परीक्षेच्या वर्गावर बसावं तशी ताठ. तेव्हापासून घरातला एकही कपडा तिने दुसऱ्याला धुऊ दिला नव्हता. अलीकडे ती प्रत्येक कपडा आधी गालाला लावायची आणि मग सुती वेगळे, रंगीत वेगळे असे गठ्ठे करायची. राजरत्नला वाटायचं, लागली असेल एखादी सवय.

किर्ती परत गेली त्या दुपारी त्याने दुकान बंद ठेवलं आणि मशीनसमोर मांडी घालून बसला. नॉब एकेक टक फिरवत तो शेजारच्या, प्रोग्रॅम दाखवणाऱ्या दिव्यांकडे बघत राहिला. दोन टकांना दिवा तीन घरं पुढे गेला. पुढच्या टकाला जागचा हलला नाही. त्याच्या पुढच्याला चक्क मागे आला.

"संध्या," त्याने हाक मारली. "इकडे ये जरा. तुझी काही चूक नाही."

ती भिंतीला धरत दारापर्यंत आली.

"नॉबच्या मागे एन्कोडर असतो. नॉब किती फिरला ते बोर्डाला तो सांगतो. त्याच्या आतल्या पट्ट्या झिजल्यात. तू बरोबर सात फिरवलेस तरी तो बोर्डाला भलतंच सांगतोय."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांसमोर चुकतोय."

"म्हणजे मशीनचंच बिघडलंय."

"मशीनचंच."

संध्याने चौकटीला डोकं टेकलं. मग म्हणाली, "किर्तीला फोन लावा. आत्ताच लावा."

त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. किर्तीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सॉरी मम्मी, मी उगाच बोलले." संध्या हसली. "अगं, असू दे. मला पण वाटायला लागलं होतं की मीच चुकते." त्या संध्याकाळी ती बरीच बोलत होती. बालवाडीतल्या एका मुलाची गोष्ट तिने राजरत्नला पुन्हा सांगितली, आणि त्याने ती पहिल्यांदाच ऐकतोय अशी ऐकली.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने फोनवरच हात वर केले. मॉडेल बंद झालंय, पुढचं पॅनल मिळणार नाही, नवीन घ्या. राजरत्न स्टेशनजवळच्या दुकानात नवीन मशिनी बघायला गेला. सगळ्यांचं तोंड सपाट काचेचं होतं. सेल्समन म्हणाला, "सर, नुसता टच करायचा." राजरत्नने डोळे मिटून त्या काचेवरून हात फिरवला. कुठे काही लागेना. तो तसाच माघारी वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुकेशकडे गेला. मुकेशचं दुकान त्याच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं; मोडीत काढलेल्या बोर्डांवरचे पार्ट उतरवून तो विकायचा. दोघांची ओळख दोघांचे केस काळे होते तेव्हापासूनची.

"अरे साईं, एन्कोडर तो ढेर पडा है," मुकेशने एक डबा काउंटरवर उपडा केला. "पण तुझ्या मापाचा नाही मिळणार. हे बघ, एका फेरीला चोवीस टकवाला. बारावाला आता कोण मागतो?"

राजरत्नने तो बोटांत धरून फिरवला. टक इतके जवळजवळ आणि इतके मऊ होते की डोळे मिटल्यावर त्याचीच मोजणी चुकली. "हा नाही चालणार."

"बोर्ड को क्या फरक पडता है? गिनती का पल्स मिला, बात खतम."

"बोर्डाला नाही पडत फरक. तुझ्या भाभीला पडतो."

मुकेशचा हसरा चेहरा उतरला. तो आत गेला आणि बराच वेळ खोके सरकवत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एका जुन्या कार स्टिरिओचं बोर्ड होतं. "हा एक आहे. पल्स बारा, एकदम तुझ्या मापाचे. पण यात टक नाही. मक्खन जैसा फिरता है."

राजरत्नने फिरवून पाहिला. खरंच, तेलात फिरावा तसा फिरत होता. एन्कोडर खिशात टाकून तो आपल्या दुकानात आला आणि दोन्ही एन्कोडर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जुन्यात टक शाबूत होते, पण मोजायची अक्कल गेली होती. नव्यात अक्कल होती, टक नव्हता.

पुढचे दोन-तीन दिवस त्याने दुसरं काम हातात घेतलं नाही. गिऱ्हाईकं मिक्सर मागून रिकाम्या हाताने परत जात होती. जुन्या एन्कोडरच्या पत्र्याच्या कड्या उचकटून त्याने तो उघडला, झिजलेल्या पट्ट्या खरवडून काढल्या आणि फक्त दातेरी चकती आणि तिच्यावर दाबून बसणारी स्प्रिंग ठेवली. टक येत होता तो तिथून. मग त्या चकतीचा दांडा मागच्या बाजूने नव्या एन्कोडरच्या दांड्याला एका बारीक पितळी नळीने जोडला. पहिला जोड वाकडा बसला आणि अर्ध्या फेरीत नॉब जड जायला लागला. तो काढून दुसरी नळी घासली. मग दिवे उलटे पळू लागले. दोन वायरींची अदलाबदल केल्यावर ते सरळ झाले. शेवटी उरलं ते सगळ्यांत किचकट. टक लागायचा एका क्षणी आणि दिवा सरकायचा दुसऱ्या क्षणी. नळी सैल करायची, केसभर फिरवायची, आवळायची, परत बघायचं. असं करता करता एकदा टक आणि दिवा एकदम लागले, आणि मग दर वेळी एकदमच लागत राहिले.

घरी येऊन त्याने ते पॅनलमध्ये बसवलं. डोळे मिटले. सात टक मोजले, डोळे उघडले. लोकरीचा दिवा. बंद करून पुन्हा. पुन्हा लोकरीचाच. चार, चादरी. दोन, रोजचे. टक जुन्यासारखाच लागत होता, उलट काकणभर जास्तच ठसठशीत. एवढं मन लावून त्याने आयुष्यात कुठलं मशीन दुरुस्त केलं नव्हतं.

"ये," त्याने हाक मारली. "बघ आता."

संध्याने हात धुतले, पदराला कोरडे केले. बाल्कनीत येऊन चाचपत नॉब शोधला आणि त्यावर बोटं ठेवली. शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंगचं काम चालू होतं, ड्रिल अधूनमधून घरघरत होतं. ती नॉब फिरवू लागली. ओठ हलत होते. एक, दोन, तीन.

"झाले सात," ती म्हणाली.

दिवा चौथ्यावर होता.

"परत कर एकदा," राजरत्न म्हणाला.

दुसऱ्या वेळी दिवा दहाव्यावर जाऊन थांबला. त्याला वाटलं नळी सरकली असणार. तिला बाजूला करून त्याने स्वतः फिरवून पाहिलं. सात टक, सातवा दिवा. काहीही सरकलेलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी तो दिव्याकडे बघत नव्हता, तिच्या बोटांकडे बघत होता. टक लागला की माणसाची बोटं नकळत जराशी अडतात. तिची अडत नव्हती. तिचे ओठ एका चालीत मोजत होते आणि हात वेगळ्याच चालीत फिरत होता. कधी एका आकड्यात दोन टक निघून जात, कधी टकाच्या अलीकडेच हात थांबे आणि ओठ मात्र पुढचा आकडा म्हणत.

राजरत्नने शिकवताना ठेवला होता तसा तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"आता एक फिरवतो. लागला?"

"हो," ती म्हणाली.

त्याने नॉब फिरवलाच नव्हता.

त्याचा हात तिच्या हातावर तसाच राहिला. ड्रिल थांबलं. तेवढ्या शांततेत तिला कळायचं ते कळलं.

"नव्हता का लागला?" तिने विचारलं.

"संध्या, कधीपासून?"

ती मागे सरून स्टुलावर बसली. "दिवाळीच्या आधीपासून असेल. आधी मुंग्या यायच्या. मग बोटांना कापड गुंडाळल्यासारखं वाटायला लागलं. म्हटलं, साबणाने चामडी जाड झाली असेल. पाय तर त्याच्याही आधीपासून तसेच आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? हात सवयीने फिरायचा. पुष्कळदा बरोबर यायचं. चुकलं की वाटायचं, आज लक्ष नव्हतं." तिने बोटं एकमेकांवर घासून पाहिली. "तुम्ही म्हणालात ना, मशीनचं बिघडलंय. तेव्हा मला वाटलं, सगळंच मशीनचं असेल. मला टक लागत नाहीत ते पण मशीनमुळेच. तुम्ही दुसरं बसवलं की लागतील."

राजरत्न खाली फरशीवर बसला. एकेक गोष्ट त्याला आता आठवू लागली. तव्यावर भाजलेली बोटं आणि तिचं ते न सांगणं. ती सांगत नव्हती असं नाही, तिला ते कळलंच नसणार. गालाला लावून ओळखलेले कपडे. आणि नातू. तो आला की ती पूर्वी त्याचं कपाळ, नाक, हनुवटी बोटांनी चाचपून म्हणायची, "मोठा झाला गं हा." हल्ली ती त्याला जवळ ओढून त्याच्या गालाला गाल लावून बसायची. राजरत्नला ते माया वाढल्यासारखं वाटलं होतं. आपण दिवसभर बोटांनी काम करणारी माणसं, आणि घरातल्या माणसाच्या बोटांकडे आपलं लक्ष जाऊ नये, हे त्याच्या मनाला फार लागलं.

"किर्तीला सांगू नका," संध्या म्हणाली. "आधी डोळे, आता हे. ती मला नुसती बसवून ठेवील."

"नाही सांगत."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मशीन मात्र चांगलं झालंय ना?"

"हो. चांगलं झालंय."

"मग बरं झालं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या पायाला, हाताला बारीक तारेचं टोक लावून लावून विचारलं, कळतंय का. ती दर वेळी जरा विचार करून उत्तर द्यायची, आणि बहुतेक वेळा ते चुकायचं. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले की साखरेने नसा गेल्यात. गेलेलं सहसा परत येत नाही, आहे ते टिकवू. रोज पाय बघत जा, जखम झाली तर यांना कळणार नाही. संध्याने एकच प्रश्न विचारला. "चेहऱ्याचं पण जाईल का हो?"

"चेहऱ्याला सहसा होत नाही," डॉक्टर म्हणाले.

तिने मान हलवली.

राजरत्नने मशीनला एक छोटा बझर लावला. दर टकाला टुं वाजायचं. ते काम त्याला तासाभराचं होतं, आणि ते करताना त्याच्या मनात आलं की आधीच हे सुचलं असतं तर ती जुळवाजुळव करायचीच गरज नव्हती. पण मग कळलंही नसतं. संध्याने बझर ऐकून मोजायला दोन दिवसांत शिकून घेतलं. कपडे बरोबर धुतले जाऊ लागले. मुकेशने विचारलं, "भाभी का मशीन चला?" तेव्हा तो म्हणाला, "चाललं." मुकेश खूश झाला आणि दोन चहा सांगितले.

पण आता मशीन लावलं की ती स्टुलावर बसत नसे. आत येऊन पडायची. एकदा त्याने विचारलं, "आता चुकत नाही ना?"

"नाही चुकत." ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "पूर्वी मला कळायचं. आता ते मला सांगतं, आणि मी करते. एवढाच फरक आहे."

रोज संध्याकाळी तो तिचे पाय मांडीवर घेऊन मोबाईलच्या उजेडात तळवे, बोटांच्या बेचक्या बघायचा. पहिले काही दिवस ती पाय ओढून घ्यायची. मग घेईनाशी झाली.

पुढच्या महिन्यात एका रविवारी किर्ती आली. बाल्कनीतून टुं टुं ऐकू आलं तशी ती हसतच बाहेर आली. "हे काय पप्पा, मशीन बोलायला लागलं की. मम्मी, आता तर कुणी तुला काही म्हणणारच नाही." तिने मशीनभोवती फिरून नॉब बघितला, बझर बघितला. शब्द दिला होता, म्हणून राजरत्न खाली मान घालून बादली सरकवत राहिला.

"किर्ती, आत ये. बस इथे," संध्या म्हणाली.

दोघी पलंगावर बसल्या. संध्याने आपला उजवा हात उताणा करून मुलीच्या मांडीवर ठेवला. "माझं बोट दाब बरं."

"का गं?"

"दाब तर."

किर्तीने दाबलं. संध्या वाट बघत राहिली. "दाबलंस?"

किर्तीने बापाकडे पाहिलं. दारात उभ्या राजरत्नने नजर खाली वळवली. मग तिने आईच्या तळहातावर बोट ठेवलं.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही, बाळा."

किर्तीचं बोट मनगटावर आलं. "इथे?"

"थोडं. कुणीतरी लांबून हात लावल्यासारखं."

ती आणखी वर सरकली, बांगड्यांच्याही वर, लसूण घातलेल्या मालिशच्या तेलाचा वास येणाऱ्या आईच्या हातावर. तिथे तिने जोराने धरलं.

"हां," संध्या म्हणाली. "इथे कळतंय. हा तुझा हात."

किर्तीने तो तिथून काढला नाही. तिचे खांदे हलायला लागले तशी संध्याने दुसऱ्या हाताने तिचं डोकं जवळ घेतलं आणि आपला गाल तिच्या केसांवर टेकवला.

मशीन थांबलं होतं. राजरत्न बाल्कनीत गेला, ओले कपडे बादलीत काढले आणि दोरीवर घालू लागला. किर्तीचं रडणं थांबेपर्यंत त्याला आत जायचं नव्हतं. कपडे थोडेच होते. तो एकेक कपडा पुन्हा पुन्हा झटकत राहिला.